ड यादी आणि जगाची गरिबी

सोळा पर्याय होते आणि त्यातले सहा निवडायचे होते. २०१३ ची गोष्ट, संयुक्त राष्ट्रांनी 'माय वर्ल्ड' नावाचा सर्व्हे काढला होता, २०१५ नंतर जगाने कशावर जोर द्यायचा ते जगातल्या कुणीही सांगावं म्हणून, आणि ऑफिसात कुणीतरी लिंक फिरवली होती. चांगलं शिक्षण, दवाखाने, कामधंदा, प्रामाणिक सरकार, परवडणारं सकस अन्न, पाणी आणि संडास, रस्ते, घरात भरवशाची वीज, फोन आणि इंटरनेट, जंगलं-नद्या, हवामान बदल... वाचत गेलं की सगळंच हवंसं वाटायचं. मी जेवणाच्या सुट्टीत सहा टिचक्या मारल्या, वय आणि देश भरला, थँक्यू आलं, डबा धुतला आणि परत कामाला लागले. जगाची गरिबी हटवण्याच्या ऑनलाइन चर्चेत आपला एवढा वाटा.

हसायची सोय आहे, पण तेवढ्यावर सोडून देण्यासारखी ती भानगड नव्हती. त्या सर्व्हेला २०१५ पर्यंत ९७ लाखांच्या आसपास मतं आली, आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक मतं इंटरनेटवरून आलीच नव्हती, पोरापोरींनी, संस्थांच्या कार्यकर्त्यांनी कागद घेऊन गावोगाव फिरून भरून आणली होती, नायजेरिया आणि मेक्सिको तर यात फार पुढे होते. निकाल? पहिला नंबर शिक्षण. मग आरोग्य, मग नोकरी-रोजगार, आणि चौथा नंबर प्रामाणिक आणि लोकांचं ऐकणारं सरकार. फोन आणि इंटरनेट तळाला. आणि सगळ्यात शेवटी, सोळावा, हवामान बदल.

आता हा सोळावा नंबर बघून बऱ्याच जाणत्या लोकांची पंचाईत झाली. कारण सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं मंजूर झाली, खाली १६९ पोटउद्दिष्टं, त्यात हवामान बदल अर्थातच आहे, तेरावं उद्दिष्ट. मला स्वतःला ते असायलाच हवं असं वाटतं, लोकांनी तळाला टाकलं म्हणून पाऊस काही वेळेवर पडायला लागणार नाही. पण मग प्रश्न असा की लोकांना विचारलं कशाला? विचारून झाल्यावर 'तुम्ही हे शेवटी टाकलंत, आम्ही तरीही घेतोय, आणि ते या कारणासाठी' असं त्या नायजेरियातल्या कागद भरणाऱ्या पोरीला कुणी जाऊन सांगितलं असेल का? माझ्याकडे तर थँक्यूनंतर काही आलं नाही.

त्याआधीची पद्धत बघितली तर हेही पुष्कळच म्हणायचं. २००० च्या सहस्रक विकास उद्दिष्टांची, ती आठ होती, कथा मार्क मॅलक-ब्राऊन यांनीच नंतर सांगितलीय, ते तेव्हा यूएनडीपीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे, प्रमुख. मोजकी माणसं न्यूयॉर्कच्या ऑफिसात बसून यादी करत होती, यादी छापायला गेली, आणि कॉरिडॉरमध्ये पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख हसतमुखाने समोर आले तेव्हा यांच्या लक्षात आलं की अरे, पर्यावरण राहिलंच! धावत परत जाऊन ते उद्दिष्ट घातलं. म्हणजे शंभर-सव्वाशे कोटी अतिगरीब माणसांच्या पंधरा वर्षांचा आराखडा आणि त्यातला एक अख्खा मुद्दा कॉरिडॉरमधल्या योगायोगावर. त्यापेक्षा ९७ लाख कागद बरे, मी मान्य करते.

त्याच २००० साली जागतिक बँकेनेही एक प्रयोग केला होता जो आता कुणाला फारसा आठवत नाही. गरिबीवरचा मोठा वार्षिक अहवाल यायचा होता, त्याचा कच्चा मसुदा त्यांनी नेटवर टाकला आणि काही आठवडे ईमेलवर जाहीर चर्चा चालवली, देशोदेशीच्या लोकांनी त्यात लिहिलं. शिवाय अहवालाची तयारी म्हणून दीपा नारायण यांच्या टीमने साठेक देशांतल्या साठ हजार गरीब माणसांचं म्हणणं गोळा केलं होतं, आणि त्यातून जे पुन्हापुन्हा वर आलं ते फक्त पैशाबद्दल नव्हतं, कचेरीत मिळणारी वागणूक, पोलिसांची भीती, आपलं कुणी ऐकत नाही ही जाणीव, असलं सगळं होतं. मग काय झालं? अहवालाचे प्रमुख लेखक रवी कनबूर यांनी अहवाल यायच्या आधीच राजीनामा दिला. आर्थिक वाढीवर भर किती आणि गरिबांच्या हातात सत्ता येण्यावर किती यावरून वरून दाब आला, अमेरिकेच्या अर्थखात्याचं नाव तेव्हा घेतलं गेलं. अहवाल सप्टेंबरात आला आणि वाईट नव्हता. पण साठ हजार माणसं आणि ईमेलवाले सगळे एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात कोण कोण बसलं होतं ते कुणाला नीट दिसलंच नाही.

मला वाटतं ऑनलाइन गरिबी-चर्चेचं खरं दुखणं हे आहे. गरीब तिथे नसतात हे तर आहेच आणि ते सगळेच म्हणतात. पण जो ठरवणार तोही तिथे नसतो. दोन्ही टोकं गायब आणि मधले आपण, डेटा पॅकवाले, एकमेकांशी भांडतोय.

आपल्याकडे मात्र एकदा तसं झालं नाही. २०११ चा सप्टेंबर. नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, अन्नाच्या हक्काची ती जुनी केस चालू होती, आणि त्यात आकडा होता: शहरात माणशी रोजचे ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये, याच्या वर खर्च करणारा गरीब नाही. त्या आठवड्यात फेसबुक आणि ट्विटरवर जे चाललं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. ३२ रुपयांत काय येतं याच्या याद्या. अर्धा लिटर दूध आणि एक वडापाव, संपलं. आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालियांना जाहीर पत्र, ३२ रुपयांत राहून दाखवा नाहीतर प्रतिज्ञापत्र मागे घ्या. बाहेर शिकून आलेल्या दोन तरुणांनी आधी रोजच्या १०० रुपयांत आणि मग केरळमधल्या एका गावात ३२ रुपयांत राहून बघितलं आणि नेटवर लिहिलं, आणि ते वाचताना लक्षात राहिलं ते हे की त्यांचा सगळा दिवस खाण्याच्या विचारात जायचा, दुसरं काही डोक्यात येईना, लांब जायचं तर बसचं तिकीट परवडेना.

हा ३२ चा आकडा आला होता तेंडुलकर समितीच्या पद्धतीवरून. सुरेश तेंडुलकर, मोठे अर्थतज्ज्ञ, २००९ च्या डिसेंबरात अहवाल दिला, आणि खरं तर त्यांनी आधीची रेषा वर नेली होती, खेड्यातले गरीब त्यामुळे आकड्यात वाढले होते. आधीच्या हिशोबात खाण्याच्या कॅलरी धरायच्या, यांनी शिक्षण-औषधपाण्याचाही खर्च बघितला. २०११ च्या जूनमध्ये ते पुण्यात वारले, आणि सप्टेंबरात देशभर त्यांच्या नावाने शिमगा. उत्तर द्यायला माणूस नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि वडापावचे विनोद मीही फॉरवर्ड करत होते, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. पुण्याचं आणि या विषयाचं नातं तसं जुनं आहे, गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २२५० कॅलरींचा धागा धरून देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला आणि तिथून पुढे चाळीस वर्षं आपण त्याच पद्धतीच्या आजूबाजूला भांडत आलो. फरक एवढाच की त्यांचा वाद अर्थशास्त्राच्या साप्ताहिकात चालला, ज्यांना आकडेमोड कळते त्यांच्यात. २०११ मध्ये पहिल्यांदाच रिक्षावाल्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांना रेषा माहीत झाली, कारण ती रुपयांत आणि दिवसाची होती.

आणि परिणाम झाला, हे विसरलं जातं. ३ ऑक्टोबरला अहलुवालिया आणि तेव्हाचे ग्रामविकास मंत्री जयराम रमेश यांनी एकत्र सांगितलं की ही रेषा सरकारी योजनांचा लाभ कुणाला द्यायचा ते ठरवायला वापरणार नाही. पुढे रंगराजन समिती नेमली, तिने २०१४ मध्ये शहरासाठी ४७ आणि खेड्यासाठी ३२ असे आकडे दिले. मधे २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला, त्यात खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य न्यायचं ठरलं, म्हणजे दारिद्र्यरेषेला धरून राहिले नाहीत. मी असं म्हणत नाही की ट्विटरमुळे झालं, मागे कोर्टाची दहा वर्षांची केस होती, रस्त्यावरची आंदोलनं होती. पण ती ऑनलाइन चर्चा वाया गेली नाही, आणि का गेली नाही तर समोर एक कागद होता, त्यावर आकडा होता, खाली सही होती, आणि सहीवाल्याला कोर्टात उभं राहायचं होतं. २०१३ च्या जुलैत परत आकडे आले आणि राज बब्बर म्हणाले मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं, तेव्हा परत धमाल झाली, पण ती नुसतीच धमाल. कुठे मिळतं ते सांगा हो, असं म्हणून सगळे हसले आणि संपलं.

एक हिशोब मात्र मी तुम्हाला करायला सांगणार आहे. ३२ रुपये गुणिले तीस दिवस गुणिले घरात पाच माणसं, साधारण ४८०० रुपये महिना. आता महाराष्ट्रात शहरी भागात अन्नसुरक्षेच्या रेशनसाठी ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा बघा: वर्षाला ५९ हजार. भागिले बारा. साधारण ४९०० रुपये महिना. ज्या आकड्यावर अख्खा देश हसला तो गुपचूप जवळपास तसाच आपल्या रेशनच्या नियमात बसलाय, आणि त्याच्यावर कुणी मीम केलं नाही. दिवसाचे ३२ ऐकून राग येतो, वर्षाचे ५९ हजार ऐकून येत नाही, काय करणार.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी हा विषय निघतोच. ऐंशी कोटी लोकांना फुकट धान्य, मग कामाला माणसं कशी मिळणार, मग लोक आळशी झालेत, मग टॅक्स आम्ही भरायचा. हे लिहिणारी माणसं वाईट नाहीत, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली धावतात. पण त्यांच्या डोळ्यासमोर जो 'फुकटा' असतो तो कुणाचाही नातेवाईक नाही, कुणाच्याही ओळखीचा नाही, त्याला नाव नाही. आणि ज्या मावशी त्यातल्या चार घरी भांडी घासतात त्यांचं धान्य तेव्हा दोन महिने बंद होतं, कारण ई-केवायसी. अंगठा उमटत नव्हता. "ताई, मशीन म्हणतंय मी मी न्हाईच," असं त्या मला सांगत होत्या, हसतच. वर्षानुवर्षं भांड्याची पावडर हातावर घेतली की रेषा राहतात कुठे. मी ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने लगेच विचारलं, अरे मग त्यांना सांगा ना डोळ्यांचं स्कॅन करून घ्या, आणि दुसऱ्याने आपल्या गाडीतून मावशींना केंद्रावर नेऊन आणलं. तोच, 'फुकटे' लिहिणारा. गरिबी निर्मूलनाबद्दलची त्याची मतं तशीच आहेत, काडीचा फरक नाही.

यावरून मला आठवतं ते मामाच्या गावचं, मी कॉलेजात होते तेव्हाचं. गाव माणदेशातलं, म्हणजे पावसाने वर्षानुवर्षं पाठ फिरवलेलं, बहात्तरच्या दुष्काळात आजीने खडी फोडायच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेले. तर दारिद्र्यरेषेची नवी यादी ग्रामसभेत वाचायची होती. २००२ च्या त्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२ पैकी जितके कमी तितके तुम्ही गरीब. जमीन किती, घर कसलं, जेवण किती वेळ मिळतं, संडास आहे का, कर्ज कुणाकडून, पोरं शाळेत जातात का. आणि एक प्रश्न माणशी कपडे किती. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य गुण, दहा किंवा जास्त असतील तर चार. हे कुठल्या साहेबाला सुचलं असेल याचा मी आजही विचार करते.

पारावर वाचन चालू होतं आणि एक म्हातारी उठली. विधवा, जमीन नाही, लेक मुंबईला हमालीला. तिचे गुण जास्त भरले होते. का तर कपडे. "कुणी मोजली माझी लुगडी? ती आहेराची हायती. पावण्यास्नी द्यायची असत्यात, नेसायची न्हवं." सगळी ग्रामसभा हसली, आणि मग गप्प झाली, कारण प्रत्येकाला माहीत होतं हे. आपल्याकडे लग्नात आलेलं लुगडं पेटीत जातं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या ओटीत जातं, ते फिरतं चलन आहे, त्याने कुणाची थंडी भागत नाही. सर्व्हे करणाऱ्या मास्तरांनी पेटी उघडून मोजली आणि लिहिली. नियमाने बरोबरच होतं त्यांचं. मग एकजण म्हणाला म्हातारीचं खरंय, दुसरा म्हणाला तिचं घ्यायचं तर माझंही घ्या, तिसऱ्याने चौथ्याच्या ट्रॅक्टरचा विषय काढला जो भावाच्या नावावर होता, आणि तिथून पुढे दोन तास जे झालं ते शिवीगाळीसकट मी ऐकलेली गरिबीवरची सगळ्यात चांगली चर्चा. शेवटच्या प्रश्नाबद्दलही तिथेच कळलं, सरकारकडून कसली मदत हवी असं विचारलं होतं, आणि 'काही नको' म्हटलं की चार गुण, म्हणजे मानी माणूस आपोआप श्रीमंत. एका आप्पांनी तसं सांगितलं होतं म्हणे, "आमाला कुणाचं काय नगं." रेषेच्या वर गेले.

म्हातारीचं नाव आलं का? आलं, पुढच्या फेरीत, मामाने आणि दोघा-तिघांनी तहसीलला खेटे घातले तेव्हा. आप्पांचं नाही आलं, ते गेलेच नाहीत कुठे.

तर असलं काही ऑनलाइन होतं का हा माझा जुना शोध आहे, आणि सापडलेल्यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण छत्तीसगडचं. सीजीनेट स्वरा. शुभ्रांशु चौधरी, आधी बीबीसीत काम केलेले पत्रकार, त्यांनी २०१० मध्ये सुरू केलं. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, लिहिता-वाचताही यायला नको. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, बोलायचं असेल तर एक दाबा, ऐकायचं असेल तर दोन. हिंदीत बोला, गोंडीत बोला. गोंडी आपल्या गडचिरोलीतही बोलतात, पण त्या भाषेत बातम्या कोण देतो? तर लोक सांगायचे, आमच्या गावात रोजगार हमीचे पैसे इतक्या महिन्यांपासून आले नाहीत, हातपंप बंद आहे, मास्तर येत नाहीत, आणि निरोपाच्या शेवटी त्या त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगायचे, ऐकणाऱ्यांनी त्याला फोन करावा म्हणून. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात भारी वाटतं. ऐकणारा शहरात बसलेला असेल, त्याला गरिबीबद्दल मत द्यायला कुणी सांगितलंच नाही, फोन करायला सांगितलंय. आणि साहेबाला दिवसात दहा अनोळखी फोन आले की काही वेळा पैसे निघायचेही. सगळ्या वेळा नाही, तसं कुणी म्हणतही नाही.

'सगळे ऑनलाइन आहेत आता' असं जे म्हणतात ना, त्यांच्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा आकडा: आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे. त्यानंतर वाढलं असणारच, पण घरात एक स्मार्टफोन आणि तो कायम पोराच्या हातात, हे काही बदललेलं मला तरी दिसत नाही.

केरळने तर याद्यांपासूनच सुरुवात केली. २०२१ पासून वॉर्डावॉर्डात लोकांच्या बैठका घेऊन, तपासून, ६४,००६ कुटुंबं अतिगरीब म्हणून काढली, आणि प्रत्येक घरासाठी वेगळा छोटा आराखडा केला, कुणाला औषधं, कुणाला घर, कुणाला नुसतंच रेशन कार्ड आणि आधार, कारण कागदच नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ ला राज्य अतिगरिबीमुक्त झालं असं मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जाहीर केलं. लगेच तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने जाहीर पत्र लिहून विचारलं, हे चौसष्ट हजार कुठल्या निकषावर काढले ते दाखवा, इतके कमी कसे, आदिवासी पाड्यांचं काय. सरकारने उत्तर दिलं, विरोधकांनी सभात्याग केला, पेपरांत रकानेच्या रकाने. मी बाजू घेत नाही, मला इथून कळणारही नाही. पण बघा, भांडण कशावर चाललंय? यादीवर. कोण आत, कोण बाहेर, कुणी ठरवलं. असलं भांडण मला चालतं.

त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक बँकेने जगाची अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलर केली, आणि तरीही भारतातलं प्रमाण २०११-१२ मधल्या २७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आल्याचं सांगितलं. झालं, दोन दिवस आमच्याकडे युद्ध. अर्धे म्हणाले गरिबी संपली, अर्धे म्हणाले ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये, अडीचशे रुपये कमावतोच की आता कुणीही, काय थट्टा आहे. त्यात हे कुणी लक्षात घेत नाही की ते डॉलर बाजारभावाने बदलायचेच नसतात, आपल्याकडच्या किमती स्वस्त धरून हिशोब असतो, आणि आपल्याकडे ते दिवसाला साठ रुपयांच्या आसपास येतात, तेही २०२१ च्या भावाने. मी हे एकदा समजावून सांगितलं तर दोन्ही बाजूंनी माझ्यावर अंगठे खाली आले. असो. जगात ऐंशी कोटी माणसं आजही त्या रेषेच्या खाली आहेत, त्यातली बरीचशी आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला, आणि त्यांच्यातलं कुणी आमच्या ग्रुपवर नाही.

सध्या मी ज्या ऑनलाइन चर्चेत खरोखर रमलेय ती मामाच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालू आहे, मामेभावाने मला त्यात घातलंय कारण मी पुण्यात असते आणि पुण्यातल्या माणसाला पीडीएफ उघडता येतात असा समज आहे. विषय घरकुलाचा. तिथे गरिबी हा शब्दही कुणी काढत नाही, तिथे विचारतात "ड यादीत नाव हाय का?" प्रधानमंत्री आवास योजनेची ती प्रपत्र ड, घर मिळायचं तर आधी त्यात पाहिजे, मग सपाट भागात १ लाख २० हजार हप्त्याहप्त्याने. कुणीतरी यादीची पीडीएफ टाकली, नावं, बापाचं नाव, नंबर, सगळं. आणि मग चार दिवस फोन ठेवायची सोय नाही. अमक्याचा दोन मजली बंगला आहे, फोटो टाकला. तमक्याचं नाव यादीतून उडालं, चारचाकी आहे म्हणे, अरे ती त्याने चालवायला घेतलीय, मालक फलटणचा आहे. एकीचं नाव आहे पण ती सासरी गेलीय, दोन पोरं झाली. मुंबईहून एकाने भलामोठा व्हॉईस मेसेज टाकला, मागे लोकलचा आवाज, त्याचं म्हणणं गावात माझं पडकं घर आहे आणि मी चाळीत भाड्याने राहतो तर मी बेघर नाही का, आणि त्यावर जी चर्चा झाली ती कुठल्याही परिषदेत चालली असती. खोटंही बरंच बोलतात, भावकीची जुनी दुखणी मधे येतात, जातीवरूनही बोलणं येतं आणि तेव्हा ग्रुप एकदम थंड पडतो. ज्यांना खरंच घर हवंय त्यातल्या निम्म्या बायकांकडे फोन नाही, त्यांच्या वतीने शेजारचं पोर टाईप करतं, "आमच्या काकूचं नाव ७ नंबरला होतं आता दिसत नाय, भाऊसाहेब उत्तर द्या."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. ते ग्रुपवर होते, अॅडमिनच होते. दोन दिवस त्यांनी बरीच उत्तरं दिली, त्यांनाही सगळं वरून येतं, कुठलं नाव कशाने उडालं हे पोर्टल त्यांनाही सांगत नाही, असं त्यांनी लिहिलं आणि ते मला पटलं. तिसऱ्या दिवशी त्या बंगल्याच्या फोटोवरून फारच पेटलं आणि त्यांनी ग्रुपचं सेटिंग बदलून टाकलं, फक्त अॅडमिन लिहू शकतील. मग गुड मॉर्निंग आणि मोफत नेत्र तपासणी शिबिर.

संध्याकाळपर्यंत पोरांनी दुसरा ग्रुप काढला. त्यात पीडीएफ आहे, बंगल्याचा फोटो आहे, काकूंचा सात नंबरवाला जुना स्क्रीनशॉट आहे, आणि भाऊसाहेबांनाही घातलंय. त्यांनी अजून सोडलेला नाही. काकूंचं काय झालं ते रोज कुणी ना कुणी विचारतं, भाऊसाहेब रोज लिहितात की पंचायत समितीला कळवलंय, आणि रोज कुणीतरी खाली तारीख मागतं.